तळ्याची वाट बदलली आहे : पानगळीच्या दिवसांत एका दिवसात जाऊन येणं जमेल का?

पायपीट_चौघे

डोंगरातल्या तळ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यायचं आहे. आम्ही चौघं, ट्रेकची सवय असलेले, पण थंडीतला अनुभव कमी. जुनी वाट एका बाजूने ६ किमी आणि ६५० मीटर चढाईची होती. मधला तुकडा दरडीत गेल्यामुळे आता वाट वळवली आहे. २ किमीवर फाटा लागतो, तिथून नवी वाट खाली ओढ्यात उतरते (सुमारे १२० मीटर), पलीकडे चढते आणि तळ्याच्या १ किमी आधी जुन्या वाटेला मिळते. त्यामुळे एका बाजूचं अंतर ८.५ किमी झालं आहे. पायथ्याला दिवसा ९ अंश आणि रात्री उणे १ असा अंदाज आहे. सूर्यास्त ५:५० ला. सकाळी ९:३० ला चालायला सुरुवात करणार आहोत.

१) वेळ पुरेल का?
२) मोबाइलमध्ये जुन्या वाटेचा जीपीएक्स ट्रॅक (नकाशावर दिसणारी, जीपीएसने नोंदवलेली वाट) आहे, तो चालेल का?
३) बुटांना लावायचे काटे न्यावेत का?
४) जुनी वाट पायी जाण्याइतकी शिल्लक असेल तर तिनेच गेलं तर?

कंटूर

आधी गणित. ५ किमीला एक तास आणि ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा. जुनी वाट जाऊन-येऊन १२ किमी, ६५० मीटर : साडेतीन तास. नवी १७ किमी आणि चढाई ८९०. अंतर ५ किमीने वाढलेलं लगेच दिसतं. चढाई २४० मीटरने वाढली हे मात्र पटकन लक्षात येत नाही, कारण ओढ्यातला उतार जाताना आणि येताना दोन्ही वेळा भरून काढावा लागतो. एकूण ४ तास ५३ मिनिटं.

हा ठोकताळा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. ओली पानं आणि चौघांचा गट धरून २५ टक्के वाढवा. मग जाताना पावणेचार तास, येताना २ तास २५ मिनिटं. शेवटच्या १ किमीत २३० मीटर चढ असेल तर तेवढा उतार तीव्र आहे. तीव्र उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वाढवतात, म्हणजे इथे आठच मिनिटं. परतीला अडीच तास धरा.

उजेडाचा एक तास राखून ४:५० ला पायथ्याशी यायचं, तर तळ्यावरून दुपारी २:२० ला निघालंच पाहिजे. ९:३० ची सुरुवात आणि वाटेत अर्धा तास थांबणं धरलं तर तळ्यावर पोचायला पावणेदोन वाजतात. हातात उरतात ३५ मिनिटं. जमतं, पण एखाद्याचा बूट चावला की संपलं. खूणगाठ अशी : वरच्या फाट्यावर (नवी वाट जुनीला मिळते तिथे) १:३० पर्यंत पोचला नाहीत तर तळं न बघता फिरा. तळ्यावर पोचून घड्याळ बघण्यात अर्थ नसतो, तिथे कुणीच लगेच उठत नाही.

मळलेली_वाट

ट्रॅकबद्दल. जुना ट्रॅक ठेवायचाच असेल तर दोन फाट्यांमधला भाग कापून टाका. नुसता ‘माहितीसाठी’ ठेवलात तर नव्या वाटेवर असताना ॲप सारखं ‘वाट सोडलीत’ म्हणून ओरडत राहतं, आणि थकल्यावर माणूस फोनचं ऐकतो. वाट वळवल्यानंतरच्या तारखेचा ट्रॅक मिळाला तर उत्तम. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा, जीपीएस तरीही चालतं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा.

वाट चुकण्याची खरी जागा वरचा फाटा, तीही परतताना. तळ्याकडून उतरताना जुनी वाट सरळ समोर, रुंद आणि मळलेली दिसते. नवी वाट बाजूला वळते, तिच्यावर पावलं कमी आणि पानं जास्त. आडव्या टाकलेल्या फांद्या म्हणजे ‘ही वाट बंद’, पण पानांखाली त्याही झाकल्या जातात. जाताना फाट्यावर पोचलात की मागे वळून फोटो काढा. परतताना जे दृश्य समोर येणार तेच टिपायचं.

नव्या वाटेची माती अजून बसलेली नसते. बाहेरची कड पावसाने पोकळ होते आणि वजन पडलं की ढासळते, म्हणून डोंगराच्या बाजूने चाला. वळणं मोडून सरळ उतरू नका. तिथूनच पाणी धावायला लागतं आणि वर्षभरात घळ तयार होते.

चौथ्या प्रश्नाला उत्तर : नाही. दरडीच्या जागी पावलांचे ठसे दिसले तरी त्यावरून इतकंच कळतं की त्या दिवशी ती पडली नाही. रात्री भेगांत पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड सुटे होतात. सकाळी ऊन लागून बर्फ वितळला की ते खाली येतात. तुमची तिथून जायची वेळ नेमकी तीच.

दवबिंदू७

काटे न्या, पण सॅकमध्ये. सुक्या खडकावर ते घसरतात आणि पानांचा लगदा अडकला की निकामी होतात. लागतील ते ओढ्यापाशी. सगळे उंचीवरच्या थंडीची चिंता करतात, पण वारा नसलेल्या रात्री थंड हवा उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. त्यामुळे तळ्यावर ऊन आणि ओढ्यात पांढरं, गोठलेलं दहिवर, असं होतं. त्यातून ओढ्यावर लाकडी फळ्या असतील तर त्या मातीच्या आधी गोठतात, कारण खालूनही हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही. जुन्या वाटेला हा खोलगट भाग नव्हताच. वळवलेल्या वाटेतली खरी अडचण ही आहे, वाढलेले किलोमीटर नव्हेत.

कपडे : उंचीबरोबर तापमान हजार मीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याला ९ असेल तर तळ्यावर ५ धरा. त्यात ताशी ३० किमी वारा असेल तर अंगाला शून्यासारखं लागतं. चढताना घाम येईल इतकं घालू नका. अंगाला लागून सुती कपडा नको, तो वाळत नाही. एक उबदार जाकीट फक्त थांबल्यावर घालण्यासाठी ठेवा, आणि ते घाम निवायच्या आधी घाला.

पाणी माणशी २ लिटर. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा भिजल्यावर गोठला तर आतून फाटतो. बाहेरून काही कळत नाही, पाणी मात्र गाळलं जात नाही. म्हणून तो अंगाजवळ ठेवा. क्लोरीनच्या गोळ्यांना थंड पाण्यात पाकिटावरच्या नेहमीच्या वेळेपेक्षा जास्त वेळ द्या.

तळ्याच्या काठावर बर्फाचा पापुद्रा दिसेल, त्यावर पाय टाकून बघू नका. माणसाने चालायला किमान १० सेंटीमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो आणि या दिवसांत तो नसतो. पोहायचा बेत असेल तर तोही सोडा. गार पाण्यात पडल्यावरचे पहिले एक-दोन मिनिट श्वास ताब्यात राहत नाही.

पायपीट_चौघे

ओढ्याचा भाग आमच्या हिशोबातच नव्हता. ८:३० ला निघालो तर? पण मग फळ्यांवर दहिवर जास्त असेल ना?

कंटूर

असेल, तरीही ८:३० च बरं. वरच्या फाट्याची १:३० आणि तळ्याची २:२० ही वेळ मात्र तीच ठेवा, वाचलेला तास तळ्यावर उधळू नका. २:२० ला निघालात तर ओढ्यात पावणेचारच्या सुमारास याल. तोवर खोलगट भागात सावली आलेली असते, आणि तिथूनच १२० मीटरचा चढ, दमलेल्या पायांनी. सकाळचं दहिवर निदान दिसतं तरी. हेडटॉर्च माणशी एक, सेल नवे. चौघांत एक टॉर्च म्हणजे तिघं अंधारात.

दवबिंदू७

फळी पांढरी दिसली तर अलीकडेच काटे चढवा, फळीवर उभं राहून नाही. एका वेळी एकानेच जायचं, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, पाऊल सपाट टाकत. पलीकडे गेल्यावर सुका खडक लागायच्या आत काटे काढा.