गादी सरकणं वेगळं, मज्जारज्जू सरकणं वेगळं

मज्जारज्जूच्या हर्निएशनबद्दल, म्हणजे रज्जू जागेवरून सरकण्याबद्दल, एका दादांनी लिहिलंय की हर्निएशन म्हणजे मणक्यांमधली गादी सरकते, बेल्ट लावा बरं होतं, तर थांबा जरा, इथे गादी नाही खुद्द मज्जारज्जूच सरकलेला असतो. त्याच्याभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण असतं, त्याला पुढून भोक पडतं आणि रज्जू त्यात जाऊन अडकतो, बहुतेकदा छातीच्या मणक्यांत. भोक का पडलं ते पुष्कळदा सापडतच नाही, कधी जुना मार, कधी गादीचं घासणं, कधी आवरणातच जन्मजात दोष.

माझ्या मावशीला हेच झालेलं. रामकुंडाची पायरी उतरली आणि म्हणाली, अगं उजव्या पायाला पाणी गारच लागत नाहीये, आणि चप्पल मात्र निसटायची डाव्या पायातली! एका पायाची ताकद जाते आणि दुसऱ्याला गार-गरम कळत नाही, अशी ती गंमत. एमआरआयमध्ये आधी पाठीमागे पाण्याची गाठ आहे असं वाचलं गेलं, कारण रज्जू पुढे खेचला गेला की मागची जागा रुंद दिसते.

ऑपरेशन पाठीतूनच, मणक्याची मागची कमान काढून, रज्जूला बाजूने धरणारे बारीक बंध कापून तो अलगद बाहेर घेतात, मग भोकावर पॅच लावतात किंवा उलट भोकच मोठं करतात म्हणजे परत आवळायला नको. नसांचे सिग्नल तेव्हा मशीनवर चालू असतात. मावशी आता काठीशिवाय भाजी आणते, गार-गरम मात्र अजून अर्धवटच कळतं.