फ्लोरिडाचा बेकारी विमा: कायदा करून सुधारलं काय?

टॅम्पाकर: २०२० च्या एप्रिलात मायामीजवळच्या हायालियाच्या लायब्ररीबाहेर बेकारी भत्त्याच्या कागदी फॉर्मसाठी लागलेली रांग आठवतेय ना? भत्त्याचे अर्ज भरायची, २०१३ ला आणलेली राज्याची कनेक्ट वेबसाइट झोपली होती, जवळपास ७.७ कोटी डॉलर घातले होते तिच्यात. मग २०२१ ला कायदा करून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं, छानच. पण त्याच वर्षी राज्याच्या सिनेटनं पास केलेलं दुसरं बिल, आठवड्याचा भत्ता जास्तीत जास्त २७५ चा ३७५ डॉलर आणि तो मिळायचे १२ चे १४ आठवडे, ते हाउसमधे, म्हणजे विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात, अडकलं ते अडकलंच. २७५ हा आकडा १९९८ चा आहे राव! नळ नवा, टाकीत पाणी तेवढंच.

मोटेलवाला: पाणी कुणाच्या विहिरीतलं ते पण सांगा की. कामगाराच्या पगारातून एक सेंट कापत नाहीत, सगळं मालकाच्या डोक्यावर. आमचा सीझन संपला की माणसं कमी करावीच लागतात, त्यांनी क्लेम केले की आमचा टॅक्सचा रेट चढतो, ५.४ टक्क्यांपर्यंत. आणि जास्त पैसे दिले तर लोक घरीच बसतील.

टॅम्पाकर: अहो पण तो टॅक्स माणशी पहिल्या ७००० डॉलर पगारावरच ना, ५.४ नं सुद्धा वर्षाचे ३७८ होतात फक्त.

जॅक्सनविलची_काकू: घरी बसतील म्हणे! आमची शेजारीण हॉटेलात हाउसकीपिंगला होती, आठवड्याला पाच ठिकाणी काम मागितल्याचं दाखवावं लागतं म्हणून वही घातली होती तिनं, तारीख, दुकान, कुणाशी बोलले. मागच्या पानावर भाड्याचा हिशोब. तो काही २७५ मधे जुळेना.

साठ_दिवस: आपल्या एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्यांना काय त्याचं, नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर बॅगा भरा.

जॅक्सनविलची_काकू: मग ग्रीन कार्ड मिळाल्यावर या बोलायला.

मोटेलवाला: बेकारी वाढली की भत्त्याचे आठवडे आपोआप वाढतात, २३ पर्यंत, कायद्यातच आहे. ते कुणी सांगत नाही.

टॅम्पाकर: सांगतो ना. ते आदल्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरच्या बेकारीवरून ठरतं. म्हणजे २०२० मधे सगळं बंद पडलेलं असताना राज्याचा हिशोब २०१९ च्या भरभराटीवर, म्हणून १२ च आठवडे. १९ झाले ते २०२१ उजाडल्यावर. हे २०११ च्या कायद्यानं करून ठेवलंय, क्लाउडनं कसं सुधारणार?

मोटेलवाला: हां, हे मात्र येडपटपणाचं आहे. ते बदला, माझी ना नाही. ३७५ ला माझा विरोध कायम.