तारेवर 'गवसणी' चालेल का?

अनुवादवेडी: १६ फुटी शिडाच्या होडीची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. डोलकाठी दोन्ही बाजूंच्या पोलादी तारांनी धरून ठेवलेली असते. होडी वळली की पुढचं शीड आणि त्याची दोरी या तारांवर घासते, म्हणून तारेवर प्लॅस्टिकची सैल नळी चढवतात. दोरी अडली की नळी गरगर फिरते. डोलकाठीच्या आडव्या दांडीच्या टोकाला रबरी टोपण, खाली टर्नबकलवर (तार ताणायच्या फिरकीवर) आणखी एक नळी. मी पहिलीला 'गवसणी' म्हटलं. संपादकांनी तिन्हींना 'संरक्षक आवरण' केलं. आता वाचणाऱ्याने दुकानात मागायचं काय?

तानपुरा: गवसणी तंबोऱ्याची. वाजवताना ती काढून ठेवतात, तुमची नळी तर होडी चालतानाच लागते. शिवाय 'गवसणे'वरूनच शब्द आलाय असं मला वाटतं. वस्तू पुरती आत सापडली पाहिजे.

शब्दनिष्ठ: 'रज्जुकवच' करा. मराठीला तत्सम शब्द परके नाहीत.

खाडीकाठ: रज्जू म्हणजे दोर, इथे तार आहे. आणि 'कवच' वाचून कुणी दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद केली तर? स्टेनलेस स्टीलला हवा लागते. खारं पाणी आत कोंडलं की वरून चकचकीत दिसणारी तार आत खड्डे पडून खलास होते. मी एकदा नळी सरकवली तर टर्नबकलपाशी तारेचे तीन पदर तुटलेले. खालचं तोंड उघडंच हवं. सरळ 'फिरती नळी' लिहा.

शब्दनिष्ठ: मग प्रत्येक वस्तूला नळी, टोपण, पट्टी म्हणत बसायचं का? परिभाषा कधी घडणार?

आजोळ मालवण: आजोबांच्या गलबतावर काथ्याचे दोर होते. घासायच्या जागी गोणपाट गुंडाळायचे. त्याला वेगळं नाव कधी ऐकलं नाही. तिरक्या परबाणाच्या (शीड बांधायच्या लांब वाशाच्या) शिडाला बाजूचे दोर वळताना सोडून वाऱ्याकडे बांधतात. कायमची तारच नाही, तर तिच्या नळीला शब्द कुठून येणार?

अनुवादवेडी: 'फिरती नळी' पटतंय. पण मग त्या तारेला काय म्हणू? 'बाजूची तार' फार मोघम वाटतं.

तानपुरा: तणावा! तंबूच्या दोराला म्हणतात तो.

आजोळ मालवण: आमच्याकडे विजेच्या खांबाला तिरकी तार असते, तिला 'ताण' म्हणतात. 'खांबाला ताण दिलाय' असंच वायरमन बोलतो.

शब्दनिष्ठ: ताण पुल्लिंगी, तार स्त्रीलिंगी. पुढची सगळी वाक्यं बदलावी लागतील.