मदत हवी आहे: चार घरांचे राउटर एकाच वेळी चॅनल बदलतात

नमस्कार मंडळी,

आमची डोंबिवलीतली चार मजली जुनी इमारत. फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर उघडलं की २.४ गिगाहर्ट्‌झवर वीस-बावीस नेटवर्कं दिसतात. रात्री नऊनंतर व्हिडिओ कॉल अडकतोच. इंटरनेटवाल्यांना फोन केला तर "राउटर बंद करून चालू करा."

शेवटी एकाखाली एक अशा आम्ही चार घरांनी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत, हवी तशी बदलता येणारी प्रणाली) टाकलं आणि मी छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर दहा मिनिटांनी राउटर कानोसा घेतो आणि १, ६, ११ या चॅनलांपैकी जिथे गर्दी कमी तिथे जातो. मधले चॅनल मुद्दाम वगळले, कारण दोन चॅनलांत अंतर ५ मेगाहर्ट्‌झचं आणि प्रत्येकाला जागा लागते २० ची. (समोरच्या काकांनी "रिकामा दिसला" म्हणून ३ लावलाय. त्याचा १ वाल्यांना त्रास आणि ६ वाल्यांनाही. सांगून पाहिलं.)

आता कालचा लॉग बघा:

२१:१० चौघे ११ वर
२१:२० चौघे १ वर
२१:३० चौघे परत ११ वर

स्टेशनवर नवी तिकीटखिडकी उघडली की अख्खी रांग तिकडे धावते ना, अगदी तसं. शिवाय प्रत्येक उडीला घरातले फोन सुटतात. आधीचं बरं होतं म्हणायची वेळ आलीये.

चौघांवर एक मुकादम न नेमता हे थांबवता येईल का? कुणाच्या घरी सर्व्हर ठेवायचा नाहीये, आणि दुसऱ्यांच्या राउटरचे पासवर्ड मागायला मलाच बरं वाटत नाही. "५ गिगाहर्ट्‌झवर जा" कृपया सांगू नका. लॅपटॉप तिकडेच आहेत. प्रिंटर, कॅमेरा आणि सासूबाईंचा फोन २.४ वालेच.

प्रतिसाद १

स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकलीये का? मग चौघांची घड्याळं इंटरनेटवरून जुळलेली, म्हणून उडी एकाच क्षणी. स्क्रिप्टच्या सुरुवातीला शून्य ते दहा मिनिटांची रँडम झोप (थांबा) घाला. आणि नवा चॅनल जेमतेम बरा असेल तर हलूच नका, चांगला फरक असेल तरच हला.

प्रतिसाद २

वरचं कराच, पण याला नीट पद्धतही आहे. आयर्लंडमधल्या मेनूथच्या डग लीथ आणि पीटर क्लिफर्ड या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली. राउटरांनी आपसात काही बोलायची गरज नाही. प्रत्येकाने तीन चॅनलांची शक्यता एक तृतीयांश धरून चिठ्ठी काढायची. त्रास नसेल तर त्या चॅनलची शक्यता १, बाकीच्यांची ०, म्हणजे मुक्काम तिथेच. त्रास झाला तर त्यातला थोडा भाग, समजा ०.१, काढून बाकी दोघांत वाटायचा आणि पुन्हा चिठ्ठी. त्यामुळे बसलेला राउटर पहिल्या त्रासाला दहात नऊ वेळा जागचा हलत नाही, आणि चौघे एकदम उठण्याची शक्यता नगण्य.

एक अडचण बघा. चौघांना एकमेकांचं ऐकू येत असेल तर चॅनल तीनच, दोघांना एकत्र राहावंच लागेल. "शून्य त्रास" ही अट ठेवलीत तर स्क्रिप्ट जन्मभर चिठ्ठ्या काढत बसेल. हवा किती टक्के वेळ व्यापलेली आहे त्यावर मर्यादा ठेवा.

काकांबद्दल: ओळखता येणारा वायफाय संदेश उणे ८२ डीबीएमला (सिग्नलचा जोर मोजायचं एकक; उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण) आला तरी राउटरने थांबायचं असतं. नुसता गोंगाट असेल तर तो उणे ६२ ला पोचेपर्यंत थांबायची सक्ती नाही, म्हणजे शंभरपट जोर लागतो. म्हणून ३ वरून ते सगळ्यांच्या बोलण्यात बोलतात. ६ वर आले तर आळीपाळीने बोलतील, त्यांचाही फायदा. हे "तुमचा स्पीड वाढेल" असं सांगून बघा.

धागाकर्ती

दोघांचे आभार! क्रॉनच होतं. आत्ता पहिल्या मजल्यावर जाऊन मोजलं: चौथ्या मजल्याचा सिग्नल उणे ९० च्या आसपास, उणे ८२ पेक्षाही क्षीण, म्हणजे त्या दोघांना एकच चॅनल चालेल. झोप आणि चिठ्ठी दोन्ही घातलंय, ०.१ नेच सुरुवात करते. रात्री दहानंतरचा लॉग इथेच टाकेन.