प्रति: जुन्या स्कूलबसची मोटरहोम – आधी खालचा पत्रा बघा

जुन्या स्कूलबसची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, कशी करायची या चर्चेत वर एका दादांनी बसच्या जुन्या मॅटवरच प्लायवूड ठोकून भिंतींत ग्लासवूल (उष्णता अडवणारा, काचेच्या तंतूंचा कापूस) भरायला सांगितलंय. कोकणात कृपया असं करू नका. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत गंज वरून दिसत नाही. तो सीटच्या बोल्टांभोवती, चाकांवरच्या कमानीत, खिडक्यांखालच्या पत्र्यात आतून खात असतो. सगळं मॅट उचला, गंज घासून काढा, भोकं बुजवा, झिंकवाला प्रायमर मारा. ग्लासवूल ओल धरतं, आणि जून ते सप्टेंबर ती सुकतच नाही. पाणी न पिणारा फोम महाग पडतो, पण इथे तोच हवा.

पाण्याच्या टाकीचं कुणी बोललंच नाही. २०० लिटर म्हणजे २०० किलो! ती खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये बसवा. आंबोली किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणांवर टपावरची भरलेली टाकी म्हणजे जिवाशी खेळ.

आणि सुतार बोलावण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं वेगळं मानक आहे. ते फॅब्रिकेटरला (गाडीची बॉडी बांधणाऱ्याला) दाखवा, मगच ॲडव्हान्स द्या.