मदत हवी आहे : नायजेरियातली १९९३ ची रद्द झालेली निवडणूक

नायजेरियाच्या लष्करी राजवटींवर वाचतेय. १९६६ पासूनची बंडं एकापाठोपाठ एक कळत जातात, पण १९९३ पाशी गाडी अडते. १२ जूनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मोशूद अबिओला आघाडीवर होते. प्रतिस्पर्धी बशीर तोफा यांच्या उत्तरेतल्या कानो या गृहराज्यातही अबिओलांनाच जास्त मतं! दक्षिणेतल्या योरुबा समाजाच्या उमेदवाराला उत्तरेनं कौल द्यावा, ही केवढी मोठी गोष्ट. तरी तेव्हाचे लष्करी शासक जनरल बाबांगिदांनी निवडणूकच रद्द केली. पुढे जनरल अबाचा सत्तेवर आले, अबिओला तुरुंगात गेले आणि १९९८ मध्ये कैदेतच वारले. फार जीव तुटतो हे वाचताना.

बाबांगिदांवर नेमका कोणाचा दबाव होता? लष्करातल्या गटांचा, की आणखी कोणाचा? त्या काळात लागोसला नोकरीला असलेलं कुणी इथे आहे का? कृपया सविस्तर लिहा.