शब्दचर्चा: सेव्ह, सिंक आणि बॅकअप यांना मराठीत काय म्हणावं?

खानापूर (प्रश्न)
गावच्या वाचनालयात लावायला पानभर मराठी सूचना लिहितोय. महाराष्ट्रात इंजिनियरिंगच्या प्रवेशाला, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मुलांना सीमाभागाच्या कोट्यातून अर्ज करता येतो. गुणपत्रकं, रहिवासी दाखला, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, सगळं स्कॅन करून संगणकावर नीट ठेवावं लागतं. तीन शब्दांपाशी अडलोय: सेव्ह, सिंक (सगळ्या उपकरणांवर फाईल सारखी ठेवणं), बॅकअप (वेगळी ठेवलेली प्रत). पहिल्याला ‘जतन’ आहे. दुसऱ्याला कुणी ‘समक्रमण’ म्हणतं, कुणी ‘संकालन’. ते वाचून आमच्याकडच्या पालकांना काही कळेल असं वाटत नाही. तुमच्याकडं काय चालतं?

निपाणी
‘जतन करा’ बिनधास्त लिहा, मराठी मेनूत तेच येतं. बोलताना मात्र ‘सेव्ह केलास काय?’ असंच विचारतात. सिंकला आमच्या दुकानात ‘वर चढली काय फाईल?’ म्हणतात.

येळ्ळूर
आपल्या बऱ्याच पोरांच्या संगणकावर मेनू कन्नडमध्ये असतो, हेही ध्यानात घ्या. तिथं सेव्हला ‘उळिसि’ येतं. पैसे उळिसणं म्हणजे पैसे शिल्लक टाकणं, तेच क्रियापद. त्याच्या जवळचं मराठी ‘राखून ठेवणे’. पण निकालही राखून ठेवतात, म्हणजे द्यायचं अडवून धरतात. त्यामुळं सूचनेत तो शब्द नको.

बेळगाव, शहापूर
‘जतन’बद्दल माझी हरकत आहे. शब्द सुंदर आहे, म्हणूनच आहे. आपण जुने उतारे जतन करतो, आजोबांची पत्रं जतन करतो. जतन म्हटलं की काळजी आली, वर्षानुवर्षं टिकवणं आलं. सेव्हचं बटण यातलं काहीच करत नाही. या घटकेला फाईल जशी आहे तशी ती एका डिस्कवर एका जागी लिहिली जाते, एवढंच. ती डिस्क गेली की फाईल गेली. ‘जतन केलंय’ असं वाचून माणूस निश्चिंत होतो, आणि तसं निश्चिंत होण्यासारखं त्यात काही नसतं. जतन या शब्दाला साजेसं काम खरं तर बॅकअप करतो. मला विचाराल तर सेव्हला ‘सेव्ह’च ठेवा आणि ‘जतन’ बॅकअपला द्या.

आता सिंक. निपाणीकरांचं ‘वर चढणं’ ऐकायला सोपं आहे, पण त्यात एकच दिशा येते. फाईल वर जाते तशी खालीही येते. मी ‘मेळ’ सुचवीन. रविवार पेठेतल्या दुकानांतून, सोसायट्यांतून रोजमेळ हा शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. दिवसाअखेर वहीतला आकडा आणि गल्ल्यातली रोकड जुळली पाहिजे. सिंकमध्येही तेच: घरचा संगणक, मोबाईल आणि दूरची साठवण, तिन्हीकडं एकच स्थिती हवी. आणि एकच स्थिती म्हणजे खोडलेलंही सगळीकडून खोडलं जाणार! वनड्राईव्ह किंवा गूगल ड्राईव्ह या नेटवर फायली ठेवणाऱ्या सेवांच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमधला दाखला संगणकावरून काढून टाकलात, तर तो ऑनलाईन आणि मोबाईलवरूनही जातो. वैयक्तिक खात्यात तो ३० दिवस कचरापेटीत सापडेल, त्यानंतर नाही. वनड्राईव्हच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर सिंकला लावण्यालाच ‘बॅकअप’ म्हटलंय, त्यामुळं घोटाळा आणखी वाढतो. ‘बॅकअप आहे की’ म्हणून माणूस जागा मोकळी करायला फायली उडवतो. शब्द चुकला की कागद जातो, इतकं सरळ आहे हे.

निपाणी
मेळ पटला. पण एक अडचण बघा. नेट नसताना तीच वर्डची फाईल घरी एकानं बदलली, हॉस्टेलवर दुसऱ्यानं बदलली, तर मेळ बसत नाही. कुठली खरी हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही, मग ते पुष्कळदा दोन फायली करून ठेवतं. ड्रॉपबॉक्स ही तशीच सेवा फाईलच्या नावातच तसं लिहिते. ‘आपोआप जुळतं’ असं मुलांना सांगू नका. नंतर दोन्ही उघडून बघाव्या लागतात.

कणकुंबी
आमच्याकडचं सांगतो. पावसाळ्यात इथं नेटवर्कचा भरवसा नसतो. वनड्राईव्हमध्ये फायलीशेजारी निळा ढग दिसला तर ती संगणकावर नाहीच, नुसतं नाव आहे. नेट नसलं की उघडत नाही. हिरवी बरोबरची खूण असेल तर उघडते. उजवं बटण दाबून ‘कायम या संगणकावर ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडला की भरीव हिरवी खूण येते. अर्जाच्या दिवसांत तेवढं करून ठेवा. शब्द कुठलाही घ्या, पण ढगाचा अर्थ सूचनेत लिहाच.

बेळगाव, शहापूर
हे फार मोलाचं. इथं ‘सेव्ह’सुद्धा अर्धवट ठरतं बघा: फाईल सेव्ह आहे, पण तुमच्याजवळ नाही.

खानापूर
सगळ्यांचे आभार. आत्ता असं लिहिलंय:

“सेव्ह: केलेलं काम फाईलमध्ये लिहिणं. सेव्ह करताना फाईल कुठल्या फोल्डरमध्ये जातेय ते वाचा. सिंक, म्हणजे मेळ: सगळ्या उपकरणांवर फाईल सारखी ठेवणं. एकीकडं खोडली तर सगळीकडं खोडली जाते. निळा ढग असलेली फाईल नेटशिवाय उघडत नाही. बॅकअप, म्हणजे जतन केलेली प्रत: पेनड्राईव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घेतलेली, मेळात नसलेली वेगळी नक्कल.”

मेनूत सेव्हलाच ‘जतन करा’ दिसणार, म्हणून ‘मराठी मेनूतलं जतन करा म्हणजे सेव्ह, बॅकअप नव्हे’ ही ओळ खाली वेगळी टाकतोय.

येळ्ळूर
‘नक्कल’ बदला. आपल्याकडं नक्कल म्हटली की ऑफिसातून शिक्का मारून मिळते ती, लोक पेनड्राईव्हवर शिक्का शोधतील. ‘वेगळी प्रत’ पुरे. आणि झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करणाऱ्यांसाठी एक ओळ घाला: तिथल्या संगणकावर आपलं खातं उघडलं तर निघताना बंद करा, आणि सिंक तिथं चालू करू नका.

खानापूर
दोन्ही बदल केले. कन्नड मेनू वापरणाऱ्या पोरांसाठी सेव्हपुढं ‘उळिसि’ही लिहिलं.